हिरव्याचं खानदान

“साहेब, तळ्याचं पाणी हिरवं झालं,” असा फोन आला की माझा पहिला सवाल ठरलेला असे. “घरात बाईमाणूस आहे का? जरा त्यांच्याकडं फोन द्या.”

लोक बुचकळ्यात पडायचे. काही जण चिडायचेसुद्धा. उमरीकडच्या एका पाटलांनी मला झाडलंच. “तळं माझं, झिंगे म्या सोडले, आन तुम्ही बोलणार आमच्या मंडळीसंगं? कामून?”

“पाटील, पाण्याचा रंग सांगा.”

“सांगितला की. हिरवा.”

“कसला हिरवा?”

“हिरवा म्हंजी हिरवा! त्यात कसला आन फिसला काय असतंय?”

शेवटी फोन आत गेला. पाटलीणबाईंनी एका दमात सांगितलं, “भाऊ, परवापर्यंत मेंदी होता, काल बाटली झाला, आज सकाळपासून कडंकडंनं रामा दिसून राहिला.” सगळे साड्यांतले हिरवे. बस्स, मला एवढंच पाहिजे होतं. मी लगेच शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवून टाकायचं शेणखत, आणि खुराक दोन्ही बंद करायला सांगितलं आणि पंप चालू करायला लावला. पाटलांचे झिंगे वाचले. पाटील मात्र पुढं कायम मला ‘साडीवाले साहेब’ म्हणत राहिले.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात होतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गावतलावांत मासळीचं बी सोडायचं, लोकांना शिकवायचं, आणि पुढं शेततळी आली तेव्हा त्यांत गोड्या पाण्यातला झिंगा वाढवायला लावायचं, ही माझी नोकरी. समुद्र आमच्यापासून इतका लांब की माझे मेहुणे दर ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात देताना विचारायचे, “क्या भाईजान, समंदर आया की नई नांदेडकू?” पंचवीसेक ईद तरी त्यांनी हा एकच विनोद पुरवून वापरला.

झिंगा म्हणजे खेकड्याचा भाऊबंद. वरून कवच, आत मऊ मांस. आमच्याकडं तो कुणी बघितलेलाच नव्हता. भोकरला पहिल्यांदा पिशवीतून झिंग्याचं बी दाखवलं तेव्हा एक म्हातारबा कितीतरी वेळ निरखून म्हणाले, “साहेब, ह्याचं मुंडकं कुठल्या बाजूला धरायचं ते आधी सांगा.” सवाल काही चुकीचा नव्हता. झिंग्याची सगळी मेख त्याच्या मुंडक्यातच असते. त्याचं काळीज, म्हणजे लिव्हर, छातीत वगैरे नसून डोक्याच्या कवचाखाली असतं. तब्येत बिघडली की आधी तिथं कळतं.

आता रंगाचं सांगतो. आमचं घराणं रंगरेजाचं. नांदेडच्या जुन्या वस्तीत आमच्या दारात रंगाच्या नांदी असायच्या, आणि अब्बांचे हात कोपरापर्यंत कोणत्या ना कोणत्या रंगाचे असायचे. लहानपणी मी एकदा एका गिऱ्हाइकाला “हरा रंग” असं सांगून बसलो तर अब्बा हसून म्हणाले, “हरा बोलको एक रंग नई रहता बेटा. हरे का पूरा खानदान रहता.” मी खात्यात लागलो तेव्हा आमचा धंदा बसला होता, गिरणीच्या कापडानं आमच्या नांदी पालथ्या घातल्या होत्या. अब्बांना वाटलं, पोरगं मासळीत गेलं, घराण्याची विद्या संपली. पण ती विद्या मी पुरी नोकरीभर वापरली, आणि तिचा पगार सरकारनं दिला. हे त्यांना सांगायला ते राहिले नाहीत, याची रुखरुख मला आजही आहे.

कारण तळ्यातल्या हिरव्याचंही खानदान असतं. त्यात सज्जन आहेत तसे बदमाशही आहेत. पाणी पोपटी किंवा मेंदी असलं की समजावं, चांगलं शेवाळ आहे. डोळ्यांना न दिसणारं, बारीक. ते दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, त्याच्यावर बारीक किडे जगतात आणि किड्यांवर झिंगे. बाटलीसारखं गर्द झालं की सावध व्हावं. आणि रामा कलर दिसला, हिरव्यात निळा मिसळला, की समजावं, बदमाश घरात शिरला. हे निळं-हिरवं शेवाळ ऊन, साचलेलं पाणी आणि शेणखताचा माल मिळाला की बेफाम वाढतं. त्याच्यातल्या काही जाती विषारी असतात. साडीच्या दुकानात ज्याला चिंतामणी म्हणतात, तो निळा रंग काठाला दिसला, तर शेवाळ मरून फुटायला लागलंय आणि पोटातलं विष पाण्यात सोडतंय. नीळ रंगवताना कापड नांदीतून हिरवट निघतं आणि वारा लागला की निळं होतं, तसंच काहीसं दिसतं ते. फरक इतकाच की नांदीजवळ अब्बा खूश व्हायचे आणि तळ्याजवळ मी मेलेले शोधायला लागायचो.

हे विष झिंग्याला झटक्यात मारत नाही. ते त्याचं काळीज खातं. झिंगा आधी खुराक सोडतो. एरवी त्याच्या पाठीतून काळा दोरा गेलेला दिसतो, ती त्याची भरलेली आतडी, तो दोरा दिसेनासा होतो. कवच मऊ पडतं. झिंगा वाढताना सापासारखी कात टाकतो, त्या कात टाकण्यातच अडकून मरतो. चिमटीत धरला तर शेपटीचा फटका मारत नाही, गपगुमान पडून राहतो. आणि अंगात जोर नसल्यानं दुसरा कुठलाही रोग सहज घर करतो. रोज थोडे, रोज थोडे, असे मरतात. तळावर मरतात, पहाटे काठाला येऊन मरतात. म्हणून रंग कळल्यावर आमच्या धंद्यात लगेच दुसरा सवाल असतो तो ‘मर’ किती आहे. मर म्हणजे मेलेले. मेलेला झिंगा जितक्या लवकर दिसेल तितके जिते वाचतात.

विषाची पक्की तपासणी करायची तर पाणी कुठल्या कुठं लांबच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागायचं. अहवाल यायचा तेव्हा तळ्यात तपासायला काही उरलेलं नसायचं. म्हणून मी लोकांना लोणच्याची बरणी वापरायला शिकवली. रिकाम्या काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी भरायचं आणि न हलवता रात्रभर ठेवायचं. हिरवं पाण्यात मिसळून राहिलं किंवा खाली बसलं तर बहुतेक ठीक. सकाळी वर तरंगून साय धरली तर खैर नाही, मला फोन करायचा.

ही बरणी मी पहिल्यांदा वापरली ती भूकंपाच्या साली. तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि झिंग्याचं नावही नव्हतं. लातूर जिल्ह्यातलं एक गाव, भिंतींना तडे गेले होते पण घरं उभी होती. तरी माणसं आत झोपत नव्हती. अशात गावतलावाचं पाणी एका कोपऱ्यात निळसर, रंग सांडल्यासारखं दाट झालं, मासे उलटे तरंगले आणि तिथं पाणी प्यालेल्या दोन-चार शेळ्या मेल्या. गावात बोंब उठली की जमिनीच्या पोटातलं विष वर आलं, आता धरणी पुन्हा हालणार. मला पाठवलं गेलं. मी बरणी भरून देवळाच्या पारावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वरची साय दाखवली. “हे शेवाळ आहे. वाऱ्यानं एका कोपऱ्यात जमा झालंय. भूकंपाचा आणि ह्याचा काही संबंध नाही.”

एक म्हातारे म्हणाले, “शेवाळानं शेळी मरती व्हय, साहेब?”

“ह्या शेवाळानं मरते, बाबा.”

“मग बरं झालं म्हणायचं का वाईट?”

भूकंपाचं भ्या घालवायला मी शेवाळाचं भ्या घातलं होतं, एवढंच. त्यांनी त्या कोपऱ्याला बाभळीचं कुंपण घातलं, ढोरं दुसरीकडून पाणी प्यायला लागली. माणसं मात्र थंडी पडेपर्यंत बाहेरच झोपली.

पुढं लातुरात आणि नांदेडात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पाट्या, पाटीवर गुणवंतांचे फोटो, आणि खेड्याखेड्यांतली पोरं पाठीवर दप्तर टाकून शहरात. नांदेडात जीवशास्त्राचे क्लास घेणारे एक सर होते. गृहस्थ उमदा. भोकर रस्त्याला त्यांची जमीन होती, तिथं तळं करून त्यांनी झिंगे सोडले. तळ्याच्या काठाला फळा लावला! त्यावर रोजचं तापमान, रोजचा खुराक. गड्यांची दर रविवारी परीक्षा. मी म्हणालो, “सर, फळा झिंग्यांकडं तोंड करून लावा, त्यांनाही अभ्यास होईल.” मनापासून हसले.

पण पाणी रामा झालं तेव्हा त्यांनी मला फोन न करता औषधाच्या दुकानात विचारलं, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून तळ्यात मोरचूद टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. “रंगरेजसाहेब, रिझल्ट शंभर टक्के.” मी अभिनंदन करणार तेवढ्यात म्हणाले, “एकही वाचला नाही.”

मोरचुदानं शेवाळ मेलं, खरं आहे. पण एका झटक्यात मेलं, म्हणजे पोटातलं सगळं विष एका झटक्यात पाण्यात आलं. वर ते सडताना पाण्यातला प्राणवायू खाऊन गेलं. आणि मोरचूद तर झिंग्याला स्वतःच सोसत नाही. चोराला मारायला घराला आग लावली, असा हिशेब झाला. सरांनी मनाला लावून घेतलं नाही. पुढं त्यांनी हाच सवाल वर्गातल्या पोरांना घातला, असं ऐकलं.

ही झाली हसण्यासारखी केस. आता जी सांगतो, ती गयाबाईंची.

अहमदपूरला आम्ही झिंगापालनाचं शिबिर घेतलं होतं. पुरुषांच्या गर्दीत मागं भिंतीला टेकून पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, पाय थोडा अधू. सगळ्यांनी अनुदानाचे सवाल विचारले. या बाईंनी विचारलं, “साहेब, झिंग्याला झोप लागती का?”

लोक हसले. मी सांगितलं, “दिवसा आडोशाला गप पडून असतो. रात्री हिंडतो, रात्री खातो.”

“म्हंजी रात्री जागा असतो,” त्या म्हणाल्या. “मग बरं हाय.”

नंतर कळलं. रात्री झालेल्या त्या भूकंपात त्यांचा नवरा आणि मुलगा बाळू गेले होते. त्या स्वतः पाय मोडून दवाखान्यात होत्या, तिथून भाऊ त्यांना अहमदपूर तालुक्यातल्या माहेरी घेऊन आला, त्या तिथंच राहिल्या. भाऊ म्हणजे माधवदादा. कमी बोलणारा, कष्टाळू शेतकरी. भावजयही चांगली. घरात त्यांना कुणी कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण एकदा तळ्याची जागा बघायला गेलो तेव्हा गयाबाई स्वतःच बोलल्या. “खाते भावाचं, नेसते भावाचं. दादा कधी एका शब्दानं बोलत न्हाई, त्याच्यानंच जास्त जड होतं, साहेब. माझ्या हातचं म्हणून एक काम असावं.”

ते काम म्हणजे हे तळं. माधवदादांनी मोसंबीला पाणी द्यायला खोदलेलं होतं, आत प्लास्टिकचं अस्तर. त्यांनी बहिणीला एक हंगाम दिला. झिंगे जगले तर तळं कायमचं तिचं. नाही जगले तर पाणी पुन्हा मोसंबीला. दोघांनी माझ्यासमोर ठरवलं, आणि साक्षीदार म्हणून मला चहाऐवजी कपभर दूध पाजलं.

गयाबाईंसारखी झिंग्याची मालकीण मी दुसरी बघितली नाही. झिंग्यांना लपायला तुराट्यांच्या पेंढ्या बांधून त्यांनी तळात सोडल्या. खुराक हातानं, चारी बाजूंनी, सारखा. पाण्याशी बोलायच्या. झिंगे बोटाएवढे झाले तेव्हा मला फोन करून नुसतंच म्हणाल्या, “बोटाएवढे झाले,” आणि ठेवून दिला.

त्यांची भाची पल्लवी, माधवदादांची मुलगी, लातुरात क्लासला होती. तिच्या छापील नोट्स म्हणजे त्या घरात पोथी. आत्यानं तिला फोनवर विचारलं, शेवाळाचं काय लिहिलंय? पोरीनं वाचून दाखवलं, शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं. आत्यानं ‘प्राणवायू’ ध्यानात ठेवला आणि ‘दिवसा’ सोडून दिला. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं. शेवाळ जितकं जास्त तितकी झिंग्यांना हवा जास्त, असं धरून त्या शेणकाला टाकत गेल्या, आणि घरातल्या सगळ्यांना ते पटलं, कारण नोट्समध्ये होतं.

मग फोन आला. “साहेब, पाणी लई झकास हिरवं झालंय.”

“कसलं हिरवं, गयाबाई? पोपटी, मेंदी का रामा?”

पलीकडं त्या हसल्या. “आवं, हिरवं नेसायचं सोडून लई वर्षं झाली. दुकानात गेले तरी त्या गठ्ठ्याकडं बघत न्हाई. मला साड्यातलं नका इचारू. भाजीतलं इचारा.”

विधवा बाईला मी हिरव्या साड्या विचारत होतो. पण त्यांनी ते इतकं सहज उडवून लावलं की मीही सावरलो. “बरं, भाजीतलं सांगा. चुका, मेथी का शेपू?”

“कालवर मेथी. आज शेपू.”

शेपूचा हिरवा तुम्ही नीट बघा. त्यात निळसर झाक असते. बाईंनी रामा अचूक सांगितला होता. मी बरणी भरून ठेवायला लावली. सकाळी फोन, “वर साय धरली.” मी शेणकाला बंद, खुराक बंद, पहाटे पंप लावून पाणी उडवायला सांगितलं. आणि विचारलं, “मर किती?”

“एकबी न्हाई साहेब. रोज उठून काठ फिरून येते. एकबी मेलेला न्हाई.”

मला हायसं वाटलं आणि शंकाही आली. असं पाणी, आणि मर नाही? पुढचे काही दिवस हाच सवाल, हेच उत्तर. मर नाही म्हणजे विष चढलेलं नसावं, या हिशेबानं मी धीर धरला. तळ्याचं पाणी अर्धं काढून नवं भरायला सांगणं आमच्या भागात गंमत नसते. विहिरीचं पाणी म्हणजे मोसंबीचा जीव. गरज नसताना तो सल्ला कसा देणार?

दिवाळीला पल्लवी घरी आली. तिनं स्वतःहून फोन केला. “काका, आत्या म्हणते सांग. काठाला चिंतामणी कलर आलाय. पेंट सांडल्यासारखा.”

“मेलेले?”

“एकपण नाही. मी पण बघितलं.”

आता माझा विश्वास बसेना. चिंतामणी आणि मर नाही, हे होऊच शकत नाही. तळ्याची खरी तब्येत दिवसा दिसत नाही, ती उजाडताना दिसते. मी संध्याकाळच्या एसटीनं अहमदपूरला आलो, ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि फटफटायच्या आत कुणाला न सांगता तळ्यावर पोचलो.

काठाला माणूस होतं. माधवदादा. हातात लांब काठीला बांधलेली जाळी, शेजारी घमेलं. वाकून, आवाज न करता, ते मेलेले झिंगे काढत होते. तळ्यामागं तुराट्यांच्या गंजीआड खड्डा होता, त्यावर ताजी माती. वास सगळीकडं.

मला बघून ते दचकले. मग जाळी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. “साहेब, तिला सांगू नका.”

मी संतापलो. अगदी मनापासून संतापलो. “माधवदादा, कधीपासून चाललंय हे?”

“पाणी शेपूसारखं झालं तवापासून. ती उठायच्या आत येऊन काढून राहिलो.”

“अहो, रोज विचारत होतो मी, मर किती, मर किती! एक शब्द कळला असता तर तेव्हाच पाणी बदललं असतं. निम्मं तळं तुम्ही मातीत घातलं!”

“मला काय ठावं साहेब,” ते म्हणाले, “मेलेलं बघून जितं वाचतं म्हणून?” त्यांनी घराच्या वाटेकडं बघितलं. “तिच्या हाती पहिल्यांदा कायतरी लागलंय. पहाटं उठून काठावर येती, आन मेलेलं दिसलं तर? तिला न्हाई सोसायचं. एकदा सोसलंय तिनं.”

माझा राग तिथंच विरला. या माणसाला तळंही नको होतं, मोसंबीही नको होती. मी काही बोलणार तेवढ्यात मागून पावलं वाजली. गयाबाई. एका हातात बरणी, अधू पाय ओढत, नेहमीसारख्या काठ बघायला निघालेल्या. त्या दिवशी लवकर उठल्या होत्या.

त्यांनी घमेलं बघितलं. मग गंजीकडं, ताज्या मातीकडं बघितलं. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. मला वाटलं, आता या खाली बसतील, रडतील. त्या उभ्याच राहिल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तवाबी तूच काढलंस. मी दवाखान्यात पडले होते, तू एकट्यानं ढिगारा उपसलास, एकट्यानं समदं उरकलंस. मला त्यांचं तोंड बगू दिलं न्हाईस. मी तुला कधी इचारलं न्हाई. आता हे तरी बगू दे.”

माधवदादांनी मान खाली घातली. घमेलं उचलून त्यांनी बहिणीच्या पुढ्यात ठेवलं.

गयाबाई पाय लांब करून मातीत बसल्या आणि एकेक झिंगा हातात घेऊन बघू लागल्या. मीही शेजारी बसलो. एकाच्या डोक्याचं कवच उघडून आत दाखवलं. जिथं तपकिरी, भरलेलं काळीज असायला हवं तिथं फिक्कट, आकसलेलं, पिवळं काहीतरी होतं. पाठीतला काळा दोरा नव्हता. दुसरा उघडला, तसाच. तिसरा कात टाकता टाकता अडकून मेला होता.

“दुखत आसल का ह्यांना?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, बाई. खाणं सुटतं, मग ताकद जाते.”

त्यांनी मान हलवली. “मग आता काय करायचं ते सांगा.”

ते सांगितलं. वाऱ्याच्या अंगाला जमलेली निळी साय पंपानं ओढून, जनावरं जात नाहीत अशा पडीक जागी टाकायची. मोरचूद नाही. तळातलं पाणी थोडं थोडं काढायचं आणि विहिरीचं भरायचं. आणि या तळ्यातला एकही झिंगा इतक्यात कुणाच्या ताटात जाऊ द्यायचा नाही. आमच्याकडं आता लोक झिंग्याचं डोकं मसाल्यात वाटून रश्शाला तर्री आणतात, आणि विष नेमकं त्या डोक्यातच असतं. पाण्याचं ऐकून माधवदादांनी एकदाही मोसंबीकडं बघितलं नाही. तसेच विहिरीकडं गेले आणि मोटार चालू केली.

सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला झिंग्यांची फिकीर राहणार नाही. रोज सकाळी बहीणभाऊ मिळून मर काढू लागले आणि खरा आकडा मला कळवू लागले. मर हळूहळू उतरली. निम्म्याच्या आसपास झिंगे जगले. चांगल्या पाण्यात बरेच दिवस राहू दिल्यावर, पाठीत पुन्हा काळा दोरा दिसल्यावरच त्यांनी ते काढले. मोसंबीच्या काही झाडांनी त्या उन्हाळ्यात माना टाकल्या. तळं गयाबाईंकडंच राहिलं, त्याबद्दल पुन्हा कुणी बोललंही नाही.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. मोटार चालू झाल्यावर मी पाइपाच्या तोंडाशी थांबलो होतो. गयाबाई अजून तिथंच बसल्या होत्या, घमेल्यातले झिंगे बघून एका बाजूला ओळीनं मांडत. माधवदादा परत आले आणि त्यांच्याजवळ उकिडवे बसले. मग माधवदादा हळूच बोलायला लागले, तिच्याकडं न बघता.

“बाळू झोपेतच होता, गया. एका कुशीवर. तोंडाला काय लागलं नव्हतं.”

गयाबाईंचे हात थांबले.

“आजून,” त्या म्हणाल्या. “आजून सांग.”